हायस्पीड पोलादाचा चिवटपणा

लेथचे टूल, ड्रिल, टॅप (आटे पाडायचे हत्यार), पंच (दाबून भोक पाडायचे हत्यार) यांसाठी वापरले जाणारे मिश्रपोलाद. बोलीत एचएसएस. कापताना तापले तरी याची धार उतरत नाही. नेहमीच्या एम2 प्रतीत सुमारे 6 टक्के टंगस्टन, 5 मॉलिब्डेनम, 4 क्रोमियम, 2 व्हॅनेडियम आणि 0.85 टक्के कार्बन असतो. कठीणपणा 64-65 रॉकवेल सी (कठीणपणा मोजायचे माप). एवढ्या कठीण पोलादाला चिवट, म्हणजे धक्क्याने न तुटणारे, ठेवणे हेच खरे कौशल्य. कोकणात बंदरालगतच्या बोटदुरुस्तीच्या लेथपासून लोटे-परशुराम, कुडाळच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत तुटलेला टॅप कुणालाच नवा नाही.

वारंवार भार झेलून तुटलेला पंच भिंगाखाली धरला, तर कधी कधी आत एक गोल डाग आणि त्याच्या मधोमध बारीक ठिपका दिसतो. याला ‘माशाचा डोळा’ म्हणतात, आणि मासळीच्या या मुलखात ते नाव समजावून सांगावे लागत नाही. ठिपका म्हणजे मोठा कार्बाइड कण (कार्बन आणि धातूचे अतिकठीण संयुग) किंवा पोलादात राहिलेला मळ. तडा तिथून निघतो. म्हणून सरासरी कणापेक्षा सर्वांत मोठा कण महत्त्वाचा. ओतीव पोलादात कार्बाइडची जाळी बनते, घडाईत ती फुटून पट्टे पडतात. सळई जाड असली की ते ठळक राहतात. भुकटी पद्धतीत वितळलेल्या पोलादाचे थेंब झटकन गोठतात, कण 1-3 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) राहतात. मग तडा मळापासून सुरू होतो, म्हणून पोलाद स्वच्छ हवेच.

आपल्याकडचा लोहार कोयतीला पाणी देतो आणि रंग बघत एकदा उतरवतो, म्हणजे पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी करतो; हेच टेम्परिंग. एचएसएसला 550-560 अंश सेल्सिअसचे टेम्परिंग किमान दोनदा, शक्यतो तीनदा लागते, मधे पूर्ण थंड करून. कठीण केल्यावर उरलेला मऊ ऑस्टेनाइट पहिल्या खेपेला ठिसूळ मार्टेन्साइट होतो (ही दोन्ही पोलादाच्या अंतर्गत रचनेची रूपे); पुढची खेप त्याला वठणीवर आणते. घाईत ही खेप गाळणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. पंचासाठी कठीण करण्याचे तापमान 1220 ऐवजी 1160-1180 अंश ठेवले, तर दोन-तीन अंक कठीणपणा जातो, पण चिवटपणा वाढतो.

ग्राइंडिंगची जळ (घासताना उष्णतेने करपलेला भाग) आणि स्पार्क मशीनने (विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणारे यंत्र) सोडलेला पांढरा थर काढलाच पाहिजे. खाऱ्या हवेतला गंजाच्या खड्ड्यापासूनसुद्धा तडा सुरू होतो. 4 टक्के क्रोमियमने गंज थांबत नाही. पावसाळ्यात टूल तेल लावून ठेवावीत.