ईडीएफ (एलेक्त्रिसिते द फ्रान्स): कारभार आणि दूरनियोजन

ईडीएफ, म्हणजेच एलेक्त्रिसिते द फ्रान्स, ही फ्रान्सची सरकारी वीज कंपनी असून तिचे मुख्यालय पॅरिसला आहे. फ्रान्समधल्या सर्व ५७ अणुभट्ट्या, आल्प्समधली बरीच मोठी धरणे आणि ब्रिटनमधली चालू अणुवीज केंद्रे ती चालवते. २०२४ मध्ये तिच्या फ्रान्समधल्या अणुभट्ट्यांनी ३६१.७ टेरावॉट-तास, म्हणजे ३६ हजार १७० कोटी युनिट वीज दिली.

या कंपनीला एकाच वेळी अनेक मुदती सांभाळाव्या लागतात. उद्या संध्याकाळी किती थंडी पडेल, हिवाळ्याच्या आत कोणते संच दुरुस्तीतून परत येतील, कोणत्या भट्टीची दहा वर्षांची तपासणी कधी आहे आणि आज पाया घातलेली भट्टी साठ वर्षांनी कोण चालवत असेल, हे सगळे प्रश्न रोज टेबलावर असतात. कंपनीची सर्वांत मोठी ताकद आणि सर्वांत मोठा धोका मात्र एकाच जुन्या निर्णयातून आला आहे. मोजक्या नमुन्यांच्या भट्ट्या ठरवायच्या आणि त्याच पुन्हा पुन्हा बांधायच्या, हा तो निर्णय.

स्थापना आणि धरणांचा काळ

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये विजेचा मोठा तुटवडा होता आणि वीजधंदा शेकडो खासगी कंपन्यांत विखुरलेला होता. ८ एप्रिल १९४६ च्या कायद्याने त्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन ईडीएफ स्थापन झाली. हा कायदा पुढे रेटणारे मंत्री मार्सेल पॉल हे कम्युनिस्ट कामगार नेते होते आणि बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीतून जिवंत परत आले होते. कामगारांना कंपनीत मिळालेले वजन आणि ‘वीज ही सार्वजनिक सेवा’ ही भावना तिथपासूनची आहे. आजही दर किंवा भागभांडवलाचा विषय निघाला की ती उसळून वर येते.

पहिली २५ वर्षे भर धरणांवर होता. द्युराँस नदीवरच्या सेर-पोंसों धरणात जुने साव्हीन गाव बुडाले आणि वरच्या अंगाला नवे वसवले गेले. धरणग्रस्तांचे दुःख ज्या मुलखाने पाहिले आहे, त्याला याची कथा वेगळी सांगायला नको. पुढे ग्रनोबलजवळ ग्राँमेझों हा सुमारे १,८०० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प झाला. तिथे मागणी कमी असताना पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज काढतात. अणुभट्ट्यांच्या देशात अशा साठ्याला फार मोल आहे.

१९७४: एकच साचा

ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा फ्रान्सची बरीच वीज आयात तेलावर चालत होती. मार्च १९७४ मध्ये पंतप्रधान पिएर मेसमेर यांच्या सरकारने दोन वर्षांत ९०० मेगावॉटच्या १३ अणुभट्ट्यांचे काम सुरू करण्याचे ठरवले. संसदेत त्यावर फारशी चर्चा झाली नाही, ही टीका तेव्हाही झाली आणि ती रास्त होती. अमेरिकी वेस्टिंगहाऊसच्या परवान्यावरची, दाबाखालच्या पाण्याने थंड होणारी भट्टी निवडली गेली. भट्ट्या बनवण्याचे काम फ्रामातोम या फ्रेंच कंपनीकडे होते आणि बांधकामाची सूत्रे ईडीएफने स्वतःकडे ठेवली.

मग ९०० मेगावॉटच्या ३४, १,३०० मेगावॉटच्या २० आणि १,४५० मेगावॉटच्या ४ अशा ५८ भट्ट्या उभ्या राहिल्या. एका गटातल्या भट्ट्या जवळपास सारख्या. सुटे भाग, कामाच्या पद्धती, प्रशिक्षणाची नक्कल-नियंत्रण खोली, सगळे एकमेकांना चालणारे. एका केंद्रावर मिळालेला धडा पुढच्या महिन्यात दुसरीकडे लागू करता येई. जगात इतक्या कमी काळात एखाद्या देशाने आपली बहुतांश वीज अणुऊर्जेवर आणल्याचे दुसरे उदाहरण नाही. २०२० मध्ये फेसेनहाइमच्या दोन भट्ट्या बंद झाल्या आणि २१ डिसेंबर २०२४ रोजी फ्लामाँव्हिल-३ जाळ्याला जोडली गेली, म्हणून आजचा आकडा ५७.

दर, रात्र आणि थंडी

या कंपनीचे डोके कसे चालते हे पाहायचे तर मार्सेल ब्वातू यांच्याकडे पाहावे लागते. ते गणिती वळणाचे अर्थतज्ज्ञ. १९६७ पासून महासंचालक आणि पुढे १९८७ पर्यंत अध्यक्ष. त्या तासाला आणखी एक युनिट काढायला कंपनीला जो खर्च येतो तो ग्राहकाला दरातून कळला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून रात्रीची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग. कारखान्यांसाठी असे दर पन्नासच्या दशकातच आले आणि नंतर घरोघरी पोचले.

त्यातून आलेली एक साधी यंत्रणा आजही लक्षावधी फ्रेंच घरांत आहे. न्हाणीघरात किंवा कपाटात गरम पाण्याची मोठी टाकी असते. स्वस्त दराची वेळ झाली की वीजवाहिनीतूनच १७५ हर्ट्झचा एक बारीक संकेत येतो, फळीवरचा रिले टक्‌ करून जुळतो आणि टाकी तापायला लागते. घरातल्या कुणाला बटण दाबावे लागत नाही. रात्री मागणी उतरली तरी अणुभट्ट्यांना काम राहावे, हा त्यामागचा हिशेब. आता सौरऊर्जेमुळे दुपारी वीज भरपूर असते, म्हणून नोव्हेंबर २०२५ पासून या स्वस्त तासांपैकी काही तास टप्प्याटप्प्याने दुपारकडे सरकवले जात आहेत.

घरे विजेवर तापवण्याची सवय लागल्याने देश थंडीला हळवा झाला. हिवाळ्यात तापमान एक अंशाने घसरले की मागणी सुमारे २,४०० मेगावॉटने वाढते. कोयनेचा सगळा १,९६० मेगावॉटचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालवला तरी एवढी वीज भरून निघणार नाही. ८ फेब्रुवारी २०१२ रोजी संध्याकाळी सातला मागणी १,०२,०९८ मेगावॉटवर गेली. हा विक्रम आहे.

अशा संध्याकाळींसाठी ‘टेम्पो’ नावाचा दर आहे. वर्षातले ३०० दिवस निळे, ४३ पांढरे आणि २२ लाल. लाल दिवशी दिवसाचे युनिट निळ्या दिवसाच्या कित्येक पट महाग पडते. लाल दिवस १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळातच येतात आणि शनिवार-रविवारी कधीच येत नाहीत. कोणता दिवस कोणत्या रंगाचा, हे आदल्या दिवशी जाहीर होते. बावीसच लाल दिवस हाताशी असल्याने ते डिसेंबरात उधळायचे की फेब्रुवारीच्या कडाक्यासाठी राखायचे, हा दर हिवाळ्याचा खरा पेच असतो. हे दिवस ठरवण्याचे काम पारेषण कंपनी आरटीई करते. आरटीई म्हणजे तिथली महापारेषण आणि एनेदिस म्हणजे तिथली महावितरण. महाराष्ट्रात २००५ मध्ये विद्युत मंडळाचे तुकडे होऊन वेगळ्या कंपन्या झाल्या. फ्रान्समध्ये या दोन्ही कंपन्या ईडीएफच्या उपकंपन्याच राहिल्या, फक्त त्यांच्या कामात ढवळाढवळ करण्यास मूळ कंपनीला कायद्याने मनाई आहे.

भट्ट्या बंद ठेवण्याचे वेळापत्रक

अणुभट्टी बंद कधी ठेवायची, हे ती चालवण्याइतकेच काळजीपूर्वक ठरवावे लागते. साधारण १२ ते १८ महिन्यांनी प्रत्येक भट्टी थांबवून इंधनाचा काही भाग बदलतात. शक्यतो वसंत ते शरद या काळात ही कामे उरकून सगळे संच हिवाळ्याला हजर ठेवायचे असतात. फ्रान्समध्ये भट्टीला ठरलेली वयोमर्यादा नाही. दर दहा वर्षांनी मोठी तपासणी होते. मुख्य मंडलात, म्हणजे भट्टी थंड ठेवणारे पाणी जिथून फिरते त्या नळांत, एरवी १५५ बार दाब असतो, तो २०६ बारपर्यंत चढवून पाहतात आणि बाहेरचे काँक्रीटचे आवरणही दाबाखाली तपासतात. मगच नियामक पुढच्या दहा वर्षांचा मार्ग मोकळा करतो. २०२० मध्ये कोविडने हे वेळापत्रक विस्कटले आणि त्याचे पडसाद दोन हिवाळे उमटत राहिले.

निसर्गही वेळापत्रकात ढवळाढवळ करतो. गारोन नदीवरच्या गोल्फेश केंद्राला नदीचे पाणी २८ अंशांपलीकडे गेले की थांबावे लागते, कारण तापलेले पाणी सोडल्यास नदीतले जीव मरतात. ऑगस्ट २०२५ मध्ये ग्राव्हलीनच्या किनाऱ्यावर जेलीफिशचे थवे समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपघराच्या गाळण्यांत अडकले आणि चार भट्ट्या आपोआप बंद पडल्या. उरलेल्या दोन आधीच दुरुस्तीत होत्या, त्यामुळे पश्चिम युरोपातले सर्वांत मोठे अणुवीज केंद्र काही काळ पूर्ण थंडावले.

२०२२

एकाच साच्याची किंमत २०२२ मध्ये मोजावी लागली. २०२१ च्या अखेरीस सिव्हो केंद्रात दहा वर्षांच्या तपासणीवेळी आणीबाणीच्या जलपुरवठ्याच्या नळांवर, वेल्डच्या लगत, बारीक तडे दिसले. ताण आणि गंज एकत्र येऊन असे तडे जातात. नमुना सारखा असल्याने संशय एका भट्टीपुरता राहिला नाही. १,४५० मेगावॉटच्या चारही भट्ट्या थांबवल्या गेल्या, मग १,३०० च्या गटातही शोध सुरू झाला. ऑगस्टच्या अखेरीस ५६ पैकी ३२ भट्ट्या बंद होत्या, काही या तड्यांमुळे आणि काही ठरलेल्या दुरुस्तीसाठी. फ्रान्सकडे हे काम जाणणारे वेल्डर पुरेसे नव्हते, म्हणून अमेरिका आणि कॅनडातून बोलवावे लागले.

आणि हे घडले ते युक्रेन युद्धाने युरोपातला वायू आटला त्याच वर्षी. अणुवीज २७ हजार ९०० कोटी युनिटांपर्यंत घसरली. चार दशके वीज निर्यात करणारा फ्रान्स वर्षाच्या हिशेबात आयातदार ठरला.

कंपनीच्या तिजोरीवर दुसरा घाव सरकारी नियमाचा होता. २०११ पासून ईडीएफला आपल्या अणुवीजेतला मोठा वाटा स्पर्धक विक्रेत्यांना सरकारने ठरवलेल्या दराने द्यावा लागे; २०१२ पासून हा दर प्रति मेगावॉट-तास ४२ युरो होता. २०२२ मध्ये सरकारने आणखी २० टेरावॉट-तास ४६.२ युरोने द्यायला लावले. ती वीज ईडीएफने आधीच विकून टाकली होती, म्हणून ती सुमारे २५७ युरोने परत घेऊन ४६.२ ला देण्याची वेळ आली. ग्राहकांची बिले आवरण्याचा हेतू समजण्यासारखा होता, पण त्याचा भार जिने पुढच्या भट्ट्या बांधायच्या तिच्याच अंगावर टाकला गेला. त्या वर्षी तोटा १७.९ अब्ज युरो झाला. २००५ मध्ये किरकोळ गुंतवणूकदारांनी ३२ युरोने घेतलेला समभाग सरकारने १२ युरोने परत घेतला आणि जून २०२३ मध्ये कंपनी पुन्हा पूर्ण सरकारी झाली. ४२ युरोची व्यवस्था २०२५ अखेर संपली.

पुढच्या भट्ट्या

फ्लामाँव्हिल-३ चे काम डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाले. अंदाज ३.३ अब्ज युरोचा आणि मुदत २०१२ ची होती. प्रत्यक्षात बारा वर्षे उशीर झाला आणि कंपनीच्या स्वतःच्या हिशेबानेही खर्च १३.२ अब्जांवर गेला. भट्टीच्या मुख्य पात्राच्या पोलादात कार्बन जास्त निघाला, वाफेच्या मुख्य नळांचे वेल्ड निकषांत बसले नाहीत आणि तयार भिंतींच्या आत शिरून ते पुन्हा करावे लागले. जुन्या ५८ भट्ट्या संपल्यापासून फ्लामाँव्हिल-३ पर्यंतच्या मधल्या काळात फ्रान्समध्ये नवी भट्टी बांधली गेलीच नव्हती. जुने हात निवृत्त झाले आणि नवे तयार झाले नाहीत. एवढ्या मोठ्या संस्थेच्या दूरनियोजनातली ही सर्वांत जड चूक म्हटली पाहिजे. आता शेरबुरजवळ हेफाइस नावाची वेल्डिंगची शाळा सुरू झाली आहे.

राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये बेल्फोर येथे सहा नव्या ‘ईपीआर-२’ भट्ट्या जाहीर केल्या. फ्लामाँव्हिल-३ ज्या ‘ईपीआर’ नमुन्याची आहे, त्याची ही सुधारित आवृत्ती. पाँली, ग्राव्हलीन आणि ब्युजे येथे प्रत्येकी दोन. पहिली २०३८ मध्ये सुरू करण्याचे उद्दिष्ट आहे. इथेही आधार पुन्हा एकाच साच्याचा आहे, पण या वेळी आराखडा बांधायला सोपा केला आहे. ब्रिटनमध्ये बांधकाम चालू असलेल्या हिंकली पॉइंट-सी या अणुवीज केंद्राचा अनुभव गाठीशी आहे. तिथे खर्चवाढीचा धोका ईडीएफने पत्करला आणि जानेवारी २०२४ च्या अंदाजानुसार खर्च २०१५ च्या किमतींत ३१ ते ३५ अब्ज पौंडांवर गेला. ब्रिटनमधल्याच साइझवेल-सी या पुढच्या अणुप्रकल्पात म्हणूनच तिने फक्त १२.५ टक्के वाटा घेतला आणि बांधकाम चालू असतानाच ग्राहकांकडून रक्कम वसूल होण्याची पद्धत स्वीकारली गेली.

जैतापूर

रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर १,६५० मेगावॉटच्या सहा ईपीआर, एकूण ९,९०० मेगावॉट, असा प्रकल्प आखलेला आहे. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सच्या आरेव्हा कंपनीशी प्राथमिक करार झाले. आरेव्हा डबघाईला आल्यावर ही बोलणी ईडीएफकडे आली. एप्रिल २०२१ मध्ये तिने भारतीय अणुऊर्जा महामंडळाला तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव दिला. त्यात ईडीएफ अभियांत्रिकी आणि साहित्य पुरवणार आणि बांधकाम व मालकी महामंडळाची. अपघात झाल्यास पुरवठादारावर दावा करण्याची मुभा देणारे २०१० च्या कायद्यातले कलम आणि विजेचा दर हे वाटाघाटींतले मोठे अडसर राहिले.

माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली परिसरातल्या जमीनमालकांचा आणि साखरी नाटेच्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे. एप्रिल २०११ मध्ये नाटे येथे पोलीस गोळीबारात एका आंदोलकाचा मृत्यू झाला. भट्ट्यांतून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या कोमट पाण्याने मासळी दूर जाईल, ही मच्छीमारांची भीती आहे. गोल्फेशला नदीच्या तापमानामुळे भट्टी थांबवावी लागते हे पाहता तिला निराधार म्हणता येत नाही. जमीन संपादित होऊन कुंपण पडले आहे. पुरवठ्याचा अंतिम करार मात्र २०२५ अखेरपर्यंत झालेला नव्हता.