नागपाड्याचे ‘नेबरहुड हाऊस’: एका उदारमतवादी मिशनची पार्श्वभूमी

१९२६ साली अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत भायखळ्यालगतच्या नागपाड्यात एक घर उघडले. त्यात वाचनालय होते, व्यायामशाळा होती, मुलांच्या खेळांची आणि बायकांच्या वर्गांची सोय होती, संध्याकाळी व्याख्याने होत. मात्र उंबरठा ओलांडणाऱ्याला कोणी त्याचा धर्म विचारत नव्हते आणि बाहेर पडताना तो बदललेला असावा अशी अपेक्षाही नव्हती. परक्या देशातल्या चर्चच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या संस्थेने असे का करावे, हा प्रश्न त्या काळी मिशनच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे पडत असे. त्याचे उत्तर शोधायचे तर नागपाड्याच्या पुष्कळ मागे, नगरच्या मिशन कंपाउंडात जावे लागते.

अमेरिकन मराठी मिशन हे ‘अमेरिकन बोर्ड’ या १८१० साली स्थापन झालेल्या मिशनरी संस्थेचे हिंदुस्थानातील सर्वांत जुने काम होय. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे तिचे पहिले मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवण्याच्या खटपटीत होते. १८३१ पासून नगर हे मिशनचे दुसरे आणि पुढे अधिक महत्त्वाचे ठाणे झाले. मिशनचे नियतकालिक ‘ज्ञानोदय’ १८४२ साली तेथेच सुरू झाले. या मिशनला आधार देणारी बहुतेक चर्चे काँग्रिगेशनल पंथाची होती. या पंथात बिशप नसतो. प्रत्येक मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, आपला कारभार आपणच पाहते आणि आपला पाळक आपणच निवडते. वरून आज्ञा येण्याची रीत नसल्यामुळे नव्या मतांना या पंथात इतर ठिकाणांपेक्षा जास्त जागा मिळाली. पुढच्या सगळ्या घडामोडी त्यामुळेच शक्य झाल्या, असे माझे मत आहे.

समाजापर्यंत पोहोचण्याचा पहिला मार्ग अर्थातच शाळेचा होता. सिंथिया फॅरार १८२७ साली मुंबईत आल्या आणि पुढे १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या. जोतीराव फुल्यांनी फॅरारबाईंची नगरची शाळा पाहिली आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा आपल्याला तेथून मिळाली असे नंतर सांगितले, हे आपल्याकडे बऱ्यापैकी ठाऊक आहे. यातली गंमत अशी की मिशनच्या हिशेबी त्या शाळेतून किती मुली ख्रिस्ती झाल्या हा मोजमापाचा विषय होता, तर महाराष्ट्राच्या इतिहासात ती शाळा राहिली ती सर्वस्वी निराळ्या कारणाने. मिशनने दार उघडावे आणि त्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याचा आपल्या मनाजोगता उपयोग करावा, ही गोष्ट पुढेही अनेकदा घडलेली दिसते.

नगरच्या कामाला उदार वळण लागले ते रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्यामुळे. ह्यूम यांचा जन्म १८४७ साली मुंबईतच, मिशनरी घरात झाला. १८७४ पासून ते नगरला होते. १८८६ साली रजेवर अमेरिकेत असताना अँडोव्हर येथील धर्मशास्त्र विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांसमोर ते असे काही बोलले की ख्रिस्ताचे नाव कधी कानावरही न पडता जे मेले, त्यांना मरणानंतर एक संधी मिळेल अशी आशा बाळगायला हरकत नसावी. आज हे वाक्य कोणाला खटकणार नाही. पण त्या वेळी बोर्डाच्या कारभाऱ्यांनी ह्यूम यांना नगरला परत पाठवण्यासच टाळाटाळ केली. कारण उघड होते. ‘ऐकले नाही तर नरक’ हा मिशनच्या वर्गणीचा पायाच होता, आणि त्याखालची वीट कोणी काढली तर लोक पैसे कशासाठी देतील, ही त्यांची धास्ती होती. वादावादीनंतर १८८७ साली ह्यूम परतले. नगरच्या एखाद्या खेड्यात आजोबा कधीचे वारलेले असताना नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या नातवाला ‘आमच्या म्हाताऱ्याचे काय झाले असेल?’ हा प्रश्न पडत असणार, हे बोर्डाच्या बोस्टनच्या कचेरीपेक्षा ह्यूम यांना अधिक जवळून कळत होते, एवढाच त्या वादाचा अर्थ मी लावतो. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात ह्यूम यांनी केलेल्या मदतकार्याबद्दल सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले.

ह्यूम यांच्याच छायेत कवी नारायण वामन टिळक नगरला मिशनचे काम करू लागले. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मिशनच्या उपासनेतील परदेशी चालींवर बसवलेली, मराठी ओढाताण झालेली गीते त्यांच्यातल्या कवीला मानवणे शक्य नव्हते. त्यांनी अभंग आणि ओव्या लिहिल्या, कीर्तने केली, भजनात टाळ आणला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. मंडळीचे जीवन म्हणजे रविवारची उपासना, पाळकाचे प्रवचन आणि कंपाउंडातली नोकरी एवढेच उरले आहे, गाव कुंपणाच्या पलीकडे राहिला आहे, ही त्यांची खंत होती. अखेर १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून तेथे एकत्र बसू शकत होते. दोनच वर्षांत, १९१९ साली टिळक वारले आणि दरबाराला पुढे कोणी वाली उरला नाही. तरीही मिशनच्या आत राहून जे ह्यूम यांनी मांडले, ते बाहेर पडून टिळकांनी करून पाहिले, याची नोंद घ्यायला हवी.

याच सुमारास मराठी मुलखात एक समांतर धागा विणला जात होता. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ही दोन वर्षे ऑक्सफर्डला, युनिटेरियन या अतिशय उदार मताच्या ख्रिस्ती पंथाच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले. परतल्यावर ते प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ येथे त्यांनी अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी काढलेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनची पहिली शाळा उघडली. ‘मिशन’ हा शब्द त्यांनी जाणूनबुजून उचलला होता. शब्द चर्चचा, पण त्यात धर्मांतर नव्हते. मुंबईत समाजसेवेची जी भाषा तयार होत गेली, तिच्यात १९११ ची ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीगही येते. नागपाड्याचे घर उघडले ते अशा जमिनीवर.

घराची कल्पना मात्र लंडन-शिकागोची होती. १८८४ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात सॅम्युएल बार्नेट या पाद्र्याने ‘टॉयन्बी हॉल’ काढला. गरिबांना दुरून मदत पाठवण्याऐवजी शिकलेल्या तरुणांनी त्यांच्या वस्तीत राहायला जावे, हे त्याचे सूत्र. जेन ॲडम्स यांनी ते पाहून १८८९ साली शिकागोत ‘हल हाऊस’ सुरू केले आणि १८९४ साली त्याच शहरात ग्रॅहम टेलर यांनी ‘शिकागो कॉमन्स’ उभारले. टेलर हे काँग्रिगेशनल पाळक आणि शिकागोच्या धर्मशास्त्र विद्यालयातले प्राध्यापक होते. म्हणजे भावी पाळकांना बायबलच्या जोडीला गिरणी, भाडे आणि गटार यांचाही अभ्यास करावा लागू लागला. पाप माणसात असते तसे समाजाच्या रचनेतही असते, हे या पिढीचे मुख्य म्हणणे. वॉशिंग्टन ग्लॅडन हे त्यांचे एक पुढारी. १९०५ साली तेलसम्राट रॉकफेलर यांनी अमेरिकन बोर्डाला दिलेली एक लाख डॉलरची देणगी हा ‘कलंकित पैसा’ आहे, तो घेऊ नका, असे त्यांनी बजावले होते. बोर्डाने तो घेतलाच. अशा घरांना इंग्रजीत ‘सेटलमेंट’ म्हणत, पण मराठी माणसाला हा शब्द ऐकून सोलापूरची गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट आठवते. नागपाड्याला ‘नेबरहुड हाऊस’, म्हणजे शेजारघर, हे नाव मिळाले ते त्या दृष्टीने बरेच झाले.

क्लिफर्ड मॅन्शार्ट शिकागोत धर्मशास्त्र शिकून १९२५ साली मराठी मिशनमार्फत मुंबईत आले आणि या घराचे पहिले संचालक झाले. नागपाडा ही सोपी वस्ती नव्हती. मुसलमान, बगदादी ज्यू, गोव्याचे ख्रिस्ती, दलित कुटुंबे, गोदी आणि गिरण्यांतले कामगार जवळजवळ राहत होते, आणि कामाठीपुरा हाकेच्या अंतरावर होता. एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे असणाऱ्या चाळीत पोराला अभ्यासाला बसायला जागा नसते, म्हणून वाचनालयाचा दिवा आणि बाक हीसुद्धा मदत ठरते, हे मॅन्शार्ट यांनी ओळखले होते. शहराच्या प्रश्नांवर जाणत्या लोकांना बोलते करून त्यांनी १९३० साली आठ व्याख्यानांचा संग्रह संपादित केला. १९२९ आणि १९३२ च्या हिंदू-मुसलमान दंगली शहराने सोसल्या. १९३६ साली तर दंगा भायखळ्याच्या दारातच उसळला. त्याच वर्षी मॅन्शार्ट यांनी या प्रश्नावर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

चर्चमधली कुरकुर मात्र थांबली नव्हती: हे काम चांगले आहे, पण ते मिशनचे आहे का? १९३२ साली अमेरिकेतील सात प्रॉटेस्टंट पंथांच्या सभासदांनी नेमलेल्या आणि विल्यम हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने आशियातील मिशनांची पाहणी करून असा अहवाल दिला की शाळा, दवाखाने आणि समाजसेवा यांना धर्मप्रचाराचे आमिष बनवू नये. ती स्वतःच्या बळावर उभी राहावीत. त्या पाहणीचा खर्च धाकट्या रॉकफेलर यांनी, म्हणजे त्याच देणगीदाराच्या मुलाने केला होता, हा ग्लॅडन यांच्या नशिबाचा खेळच म्हणायचा. सनातनी मताच्या चर्चनी अहवालावर कडाडून टीका केली. नागपाड्यात त्या अहवालातील सूत्र सहा वर्षे आधीच अमलात होते.

त्याच वर्षी सर दोराबजी टाटा यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाचा न्यास कामाला लागला. पैसा कसा खर्चावा याविषयी न्यासाला सल्ला देणाऱ्यांत मॅन्शार्ट होते. दानधर्म वाटत बसण्यापेक्षा समाजकार्य करणारी माणसे शिकवून तयार करावीत, असे त्यांचे म्हणणे पडले. जून १९३६ मध्ये नागपाड्याच्या याच घरात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क वीस विद्यार्थ्यांनिशी सुरू झाले, आणि मॅन्शार्टच त्याचे पहिले संचालक होते. इमारत ख्रिस्ती मिशनची, पैसा पारशी न्यासाचा, विद्यार्थी सगळ्या धर्मांचे, असा तो जुळलेला योग होता. १९४१ साली मॅन्शार्ट पायउतार झाले आणि जे. एम. कुमारप्पा यांनी सूत्रे घेतली. १९४४ साली संस्थेचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले, १९५४ साली ती देवनारला गेली आणि १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. देवनारच्या आवारात आज मराठी मिशनचे नाव निघालेच तर ते इतिहासाच्या एखाद्या ओळीत.

घर नागपाड्यातच राहिले. व्याख्यानांपेक्षा वस्तीने त्यातले मैदान आणि खेळ अधिक आपलेसे केले. जवळच्या मस्तान वायएमसीएच्या कोर्टासह या भागाने पुढे देशाला बास्केटबॉलपटू पुरवले. भारताचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुन्तसिर हे नागपाड्याचेच. संध्याकाळी त्या कोर्टावर अजूनही पोरे चेंडू घेऊन येतात.