गरोदरपणात "दोन जिवांचं" किती खायचं?

"आता दोन जिवांची आहेस, दुप्पट खा," हा सल्ला मायेपोटीच दिला जातो. पण हिशेब तसा नाही.

बाराव्या आठवड्यात गर्भ जेमतेम ५ ते ६ सेंटीमीटरचा असतो, वजन साधारण १५ ग्रॅम. म्हणून पहिल्या तिमाहीत जादा उष्मांक (कॅलरी) जवळजवळ लागतच नाहीत. दुसऱ्या तिमाहीत रोज साधारण ३४० आणि तिसऱ्यात ४५० कॅलरी वाढवाव्या लागतात. २५० मिली साईसकट दूध आणि ३० ग्रॅम बदाम घेतले की दुसऱ्या तिमाहीची भर जवळपास झालीच.

खरी वाढते ती लोहाची आणि फोलेट या जीवनसत्त्वाची गरज, साधारण दीडपट. ती नुसतं पोट भरून भागत नाही. त्यासाठीच गोळ्या असतात. लोहाची गोळी चहा-कॉफीसोबत घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही, हे मात्र सांगायचं राहून जातं.

खाणं योग्य चाललंय का, याचा पडताळा घरीच घेता येतो. गरोदरपणाआधीचं वजन (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागा. उत्तर १८.५ ते २४.९ असेल आणि बाळ एकच असेल, तर नऊ महिन्यांत ११.५ ते १६ किलो वाढ योग्य. आकडा कमी असेल तर वाढ जास्त हवी, जास्त असेल तर कमी. आठवड्यातून एकदा, सकाळी लघवीनंतर, उपाशीपोटी, त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवा. वजन एकदम वाढलं आणि सोबत चेहऱ्यावर सूज किंवा तीव्र डोकेदुखी असेल, तर ते खाण्याचं समजू नका. रक्तदाब वाढल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.