पार्श्वभूमी : बेघरांसाठीच्या निवारा समित्या कुठून आल्या?

फुटपाथवर झोपणारा माणूस सरकारदरबारी नेमका कोणाचा, हे महाराष्ट्रात आजही ठरलेलं नाही. फुटपाथ पालिकेचा. तिथून उठवणारे पोलीस गृह खात्याचे. भीक मागताना सापडला तर ज्या भिक्षेकरी गृहात रवानगी होते, ते महिला व बालविकास विभागाचं. निवाऱ्याचा निधी नगरविकासाकडून येतो, रेशनकार्ड अन्न व नागरी पुरवठ्याकडून. आणि तोच माणूस पन्नास पावलं चालून स्टेशनात जाऊन झोपला, तर मामला रेल्वेचा, म्हणजे थेट केंद्राचा. राज्यस्तरीय निवारा संनियंत्रण समिती नावाची जी व्यवस्था २०१८ पासून राज्याराज्यांत उभी राहिली, तिचं मूळ या टोलवाटोलवीत आहे. या समित्या कोणत्याही सरकारने आपणहून नेमलेल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने त्या नेमायला लावल्या.

मुळात सरकारने बेघराकडे गरजू म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा १९५९ चा. त्यात भीक मागण्याची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की उपजीविकेचं साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी भटकणाराही त्यात सापडू शकतो. अटकेला वॉरंट लागत नाही, पहिल्यांदा एक ते तीन वर्षं डांबता येतं आणि पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. मुंबईचा हा कायदा पुढे दिल्लीलाही लागू झाला. तिथे त्यातली बरीचशी कलमं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली. महाराष्ट्रात कायदा उभाच राहिला. पारधी कुटुंबांसाठी ही गोष्ट आणखी जुनी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला खरा, पण सिग्नलवर गजरे विकून फुटपाथवर पाठ टेकणाऱ्या बाईला पोलीस ज्या नजरेने बघतात, ती नजर काही तेवढ्याने बदलली नाही.

डोक्यावर छप्पर देण्याचं काम तोवर धर्मादायावर सोडलेलं होतं. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठी सोय झाली. पण धर्मशाळा वाटसरूसाठी असते. तो चार दिवस राहून पुढे जाणार, हे तिथे गृहीतच असतं. शहरातच कमावणाऱ्या आणि शहरातच उघड्यावर झोपणाऱ्या माणसाची सोय त्यात बसत नाही.

१३ जुलै १९८१ ला मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतल्या पदपथांवरच्या लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. ऐन पावसाळ्यात. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या खटल्याचा निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हे वाक्य तेव्हापासून अनेक निकालांत उद्‌धृत होत आलं आहे. त्याच निकालाने नोटीस देऊन लोकांना हटवायला पालिकेला मोकळीकही दिली, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. माणसाला हक्क मिळाला आणि फुटपाथवरून उठावंही लागलं. उठून जायचं कुठे, याचं उत्तर १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांपुरतंच निकालात होतं.

पुढची पंचवीस वर्षं भरभर ओलांडता येतात, कारण सरकारी पातळीवर फारसं घडलं नाही. मुंबईत संस्था-संघटनांनी पदपथांवरच्या घरांची मोजणी केली, भायखळ्यात पदपथांवरच्या बायकांची महिला मिलन ही संघटना उभी राहिली. दिल्लीत थंडीने माणसं मरत, बातम्या येत आणि उन्हाळा लागला की विषय संपे.

कलाटणी मिळाली ती डिसेंबर २००९ मध्ये, दिल्लीतच. राष्ट्रकुल स्पर्धा तोंडावर होत्या, शहर सजत होतं. पुसा रोडच्या चौकातला तात्पुरता रात्र निवारा महापालिकेने ऐन कडाक्यात पाडला. सर्वोच्च न्यायालयात तेव्हा लोकांच्या अन्न मिळण्याच्या हक्काचा खटला चालू होता. त्या खटल्यात न्यायालयाने नेमलेले आयुक्त एन. सी. सक्सेना आणि हर्ष मंदर यांनी जानेवारीत न्यायालयाला पत्र लिहिलं. अन्नाच्या खटल्यात निवाऱ्याचा मुद्दा शिरला तो असा. युक्तिवाद साधा होता: उपाशी माणूस थंडीत उघड्यावर तग धरत नाही. न्यायालयाने आधी दिल्लीला आणि मग इतर राज्यांनाही आदेश दिले. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, वर्षभर, चोवीस तास. यातला ‘चोवीस तास’ महत्त्वाचा. मार्केटयार्डात पहाटे माल उतरवणारा हमाल किंवा लग्नाच्या हॉलमध्ये रात्रभर वाढपी म्हणून राबणारा पोरगा दिवसा झोपतो. रात्र निवाऱ्याचं दार उघडतं तेव्हा तो कामावर असतो.

या हिशेबाने २०११ च्या १ कोटी २४ लाखांच्या मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे हवे होते. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही गेली नाही. पालिकेचं उत्तर ठरलेलं: जागा नाही. ते अगदीच खोटं नाही, पण पार्किंगच्या इमारतींना जागा मिळत होती, हेही खरं.

त्याच जनगणनेत २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री प्रगणक स्टेशनं, पुलाखालच्या जागा, देवळांच्या पायऱ्या आणि ह्यूम पाइप धुंडाळत फिरले. देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर नोंदले गेले, त्यातले २ लाख १० हजारांहून अधिक महाराष्ट्रात. २००१ च्या तुलनेत एकूण आकडा घटला. शहरांतला मात्र ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेला. एका रात्रीत केलेली मोजणी कमीच भरणार, हे उघड आहे. पण निधी मागायला निदान एक अधिकृत आकडा हाती आला.

२०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झालं आणि शहरी बेघरांसाठी निवारा ही त्यातली एक योजना झाली. कागदावर ती उत्तम होती. माणशी किमान ५० चौरस फूट जागा, स्वयंपाकाची सोय, प्रत्येकाला सामान ठेवायला कुलपाचा कप्पा, मुलांसाठी अंगणवाडीशी जोड, प्रत्येक निवाऱ्याला व्यवस्थापन समिती. कप्प्याचं कलम ज्याने लिहिलं त्याला फुटपाथ माहीत होता, असं मला वाटतं. उघड्यावर झोपणाऱ्याचं पहिलं नुकसान चोरीचं असतं, आणि चोरीत पिशवीबरोबर कागदपत्रंही जातात. मग आधार नाही म्हणून रेशन नाही, पत्ता नाही म्हणून आधार नाही. जानेवारी २०१८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारला न्यायालयाने नेमकं हेच विचारलं होतं: बेघराला आधार मिळणार कसं?

योजना आली, केंद्राचा पैसा आला, पण राज्यांनी तो खर्चच केला नाही. बेघरांच्या निवाऱ्यासाठी ई. आर. कुमार यांनी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेवर सुनावणी करताना न्या. मदन लोकूर यांच्या पीठासमोर हे चित्र स्पष्ट झालं. नोव्हेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली गेली. समितीने राज्याराज्यांतले निवारे पाहिले. गरज आणि सोय यांतली दरी प्रचंड निघाली. त्यावर मार्च २०१८ मध्ये न्यायालयाने प्रत्येक राज्याला कायमस्वरूपी समिती नेमायला सांगितलं: सरकारी अधिकारी आणि नागरी संस्थांची माणसं एकाच टेबलाशी. ज्या राज्यांनी चालढकल केली, त्यातल्या काहींना त्याच वर्षी दंड बसला. समिती नेमली नाही म्हणून सरकारला दंड, हा प्रकार आपल्याकडे विरळाच. एरवी विषय लांबणीवर टाकायचा तर समिती नेमायची, अशीच आपली रीत.

महाराष्ट्रात या समितीचं अध्यक्षपद निवृत्त सनदी अधिकारी उज्ज्वल उके यांच्याकडे आलं. निवारे तपासणं, सर्वेक्षणावर लक्ष ठेवणं, पालिकांना जाब विचारणं हे तिचं काम. जागा देण्याचे आणि पैसा सोडण्याचे अधिकार मात्र होते तिथेच, खात्यांकडे राहिले. त्यामुळे समितीचं वजन, पालिका आयुक्त तिच्या पत्राला किती किंमत देतात आणि न्यायालयाची पुढची तारीख किती जवळ आहे, यावर ठरतं.

आणि न्यायालयाचा सूरही एकसारखा राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेघरांनीही काम करावं, सगळं सरकार पुरवू शकत नाही, असं म्हटलं. मार्च २०२३ मध्ये दक्षिण मुंबईच्या पदपथांचा विषय आला तेव्हा त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने बेघर हीही माणसंच आहेत, याची आठवण करून दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ई. आर. कुमार यांचीच याचिका सर्वोच्च न्यायालयात न्या. भूषण गवई यांच्या पीठापुढे होती. फुकटच्या योजनांनी परजीवी वर्ग तयार होतोय का, अशी विचारणा पीठाने केली. शहरी दारिद्र्य निर्मूलनाचं नवं अभियान आखलं जात आहे आणि निवाऱ्याचा विषय त्यात येईल, असं केंद्राने त्याच दिवशी सांगितलं. ते अभियान येईपर्यंत जुनी योजना चालू ठेवणार का, असा प्रश्न पीठाने केंद्राला केला आणि पुढची तारीख दिली.