पोर्टेबल बिल्ड व्यवस्था (सी लायब्ररींची)

सी भाषेत लिहिलेली लायब्ररी (इतर प्रोग्रामांना वापरता येणाऱ्या फंक्शनांचा संच) निरनिराळ्या संगणकांवर, कार्यप्रणालींवर आणि कंपाइलरांवर (सोर्सचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामांवर) तयार करता यावी, यासाठी सोर्ससोबत (लेखकाने लिहिलेल्या मूळ कोडसोबत) दिलेली तपासणीची आणि बांधणीची यंत्रणा. वापरणाऱ्याला ती बहुधा तीन आज्ञांच्या रूपात भेटते : कॉन्फिगर, मेक आणि मेक इन्स्टॉल. पहिली आज्ञा समोरच्या संगणकाची चौकशी करते, दुसरी मिळालेल्या उत्तरांनुसार कंपाइलर चालवते आणि तिसरी तयार फाइली ठरल्या जागी नेऊन ठेवते. तिघींपैकी पहिलीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि बिघाड बहुतेक वेळा तिथेच असतो. म्हणून या नोंदीचा भर तिच्यावर आहे.

चौकशी कशासाठी : सी भाषेचे प्रमाणक बऱ्याच गोष्टी मोकळ्या सोडते. ६४ बिटांच्या लिनक्सवर ‘लाँग’ हा प्रकार ८ बाइटांचा असतो, ६४ बिटांच्या विंडोजवर ४ बाइटांचा. बहुबाइट संख्येतला कोणता बाइट आधी ठेवायचा हे प्रोसेसर ठरवतो. सॉकेट (नेटवर्कवरची जोडणी) किंवा फाइल मॅपिंग (फाइल स्मृतीत मांडून वापरणे) यांचा तर प्रमाणकात उल्लेखच नाही. तेव्हा ‘लिनक्स असेल तर असे, मॅक असेल तर तसे’ अशा अटी थेट सोर्समध्ये घालण्याचा मोह कोणालाही होतो, आणि काही वर्षे त्या चालूनही जातात.

त्या कशा कोसळतात, याचे ‘स्ट्रएलकॉपी’ हे फंक्शन चांगले उदाहरण आहे. मर्यादा राखून मजकुराची नक्कल करणारे हे फंक्शन १९९८ मध्ये ओपनबीएसडी या कार्यप्रणालीत आले. लिनक्सवरच्या जीएनयू सी लायब्ररीने ते वर्षानुवर्षे नाकारले. त्यामुळे ‘लिनक्सवर हे नसते’ असे गृहीत धरून शेकडो लायब्ररींनी आपापली प्रत बाळगली. ऑगस्ट २०२३ मध्ये आवृत्ती २.३८ ने ते स्वीकारले आणि नावावर विसंबलेल्या अटी एका दिवसात खोट्या ठरल्या : घरची व्याख्या आणि प्रणालीची घोषणा एकमेकींना भिडून कंपाइलर अडू लागला. शिवाय मसल ही दुसरी सी लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सवर ते फंक्शन आधीपासूनच होते. म्हणजे ‘लिनक्स’ या नावातून उत्तर कधीच मिळत नव्हते. ज्यांनी ‘हे फंक्शन आहे का?’ असे विचारले होते, त्यांच्या सोर्समधली एक ओळही बदलावी लागली नाही. नाव न विचारता गुण विचारावा, हे या सगळ्या शास्त्राचे मूळ तत्त्व आहे.

इतिहास : बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ लिहिले. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे आणि काय जुने झाले आहे, एवढे ते जाणते. संगणकाबद्दल त्याला काहीच ठाऊक नसते. (आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा, रिकाम्या जागा चालत नाहीत, हा त्याचा हट्ट आजही नवशिक्यांना रडवतो.) चौकशीची उणीव १९८०च्या दशकात वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या परीने भरून काढली. लॅरी वॉल यांनी आपल्या ‘आरएन’ या बातम्या वाचण्याच्या प्रोग्रामसोबत दिलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट बसवणाऱ्यालाच एकामागून एक प्रश्न विचारत असे.

माणसाला न विचारता थेट यंत्राला विचारणारी आणि सर्वांत जास्त पसरलेली पद्धत म्हणजे ऑटोकॉन्फ. डेव्हिड मॅकेंझी यांनी १९९१ मध्ये ते सुरू केले. पुढे मेकफाइली तयार करणारे ऑटोमेक आणि शेअर्ड (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात अशा) लायब्ररींचा गुंता सांभाळणारे लिबटूल त्याला येऊन मिळाले. या त्रिकुटाची खरी हुशारी वाटणीत आहे. लायब्ररीचा लेखक एम४ या मॅक्रो भाषेत थोडक्यात प्रश्न लिहितो. ऑटोकॉन्फ त्यातून हजारो ओळींची शेल स्क्रिप्ट (आज्ञा चालवणाऱ्या ‘शेल’ या प्रोग्रामसाठी लिहिलेली आज्ञावली) काढते; हीच कॉन्फिगर स्क्रिप्ट. आणि बसवणाऱ्याकडे ऑटोकॉन्फ नसले तरी चालते, नुसता शेल, कंपाइलर आणि मेक पुरतो. त्या स्क्रिप्टची कुरूपता सगळ्यांना खुपते. पण जुन्यात जुन्या युनिक्सच्या शेलवरही ती चालावी या अटीची ती किंमत आहे, हे टीका करताना सहसा विसरले जाते.

प्रश्न विचारण्याची रीत : कॉन्फिगर स्क्रिप्ट माहितीच्या कोष्टकात काहीच शोधत नाही. ती पाच-दहा ओळींचा सी प्रोग्राम लिहिते आणि तो कंपाइल होतो का, लिंक होतो का (लायब्ररीशी जोडला जातो का), क्वचित चालतो का, हे पाहते. झाला तर उत्तर ‘हो’, अडला तर ‘नाही’. ही उत्तरे एका हेडर फाइलीत (घोषणांच्या फाइलीत) मॅक्रोंच्या, म्हणजे नाव दिलेल्या मूल्यांच्या, रूपात उतरतात आणि लायब्ररीचा सोर्स ती फाइल सर्वांत आधी समाविष्ट करतो. प्रत्येक प्रश्न, तो पाठवलेला प्रोग्राम आणि कंपाइलरची तक्रार कॉन्फिग-लॉग या फाइलीत नोंदलेली असते. पडद्यावरची शेवटची ओळ वाचून हताश होण्यापेक्षा ही फाइल उघडावी. नव्वद टक्के कोडी तिथेच सुटतात, असे अनुभवी माणसे सांगतात आणि आकडा अंदाजाने फेकलेला असला तरी सल्ला खरा आहे.

सर्वांत नेहमीचे कोडे असे : उबुंटूवर रीडलाइन ही लायब्ररी बसवलेली आहे, तिच्यावर चालणारे प्रोग्राम रोज वापरात आहेत, आणि कॉन्फिगर मात्र ‘सापडली नाही’ म्हणते. कारण डेबियन-उबुंटूमध्ये चालवण्यापुरती लायब्ररी आणि तिची हेडर फाइल ही वेगवेगळ्या पॅकेजांत असतात. नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असलेले पॅकेज बसवले नसेल, तर चाचणीचा प्रोग्राम कंपाइलच होत नाही. दुसरे कोडे सोर्स थेट गिटमधून (सोर्समधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यातून) घेणाऱ्यांचे. पीकेजी-कॉन्फिग या, लायब्ररी कुठे आहे ते सांगणाऱ्या साधनाचे मॅक्रो आपल्या संगणकावर नसताना ऑटोकॉन्फ चालवले, तर एम४ अनोळखी नाव जसेच्या तसे स्क्रिप्टमध्ये सोडून देते आणि पुढे शेल एका निरर्थक व्याकरणदोषावर अडतो. दोष तिथे नसतोच.

लायब्ररीचे खास प्रश्न : साधा प्रोग्राम एकदा तयार झाला की काम संपते. लायब्ररी मात्र दुसऱ्यांच्या प्रोग्रामांत राहायला जाते. लिनक्सवर तिची शेअर्ड फाइल ‘एसओ’, मॅकवर ‘डायलिब’ आणि विंडोजवर ‘डीएलएल’ होते. प्रत्येक ठिकाणी लिंकरला द्यायच्या सूचना वेगळ्या. स्मृतीत कुठल्याही पत्त्यावर चालेल असा कोड काढायला कंपाइलरला सहसा वेगळे सांगावे लागते. स्टॅटिक (प्रोग्रामातच मिसळून जाणारी) आणि शेअर्ड अशा दोन्ही प्रती हव्या असतील, तर लिबटूल प्रत्येक सी फाइल दोनदा कंपाइल करते. बिल्ड लांबतो तो यामुळे.

आवृत्तीचा मुद्दा सर्वांत जास्त चुकतो. लिबटूलला तीन आकडे द्यावे लागतात : चालू इंटरफेस, त्याची सुधारणा आणि तो किती मागच्या इंटरफेसांना धरून आहे ते वय. ५:२:३ असे दिले, तर लिनक्सवर फाइलीच्या नावाला २.३.२ लागते, कारण पहिला आकडा चालूमधून वय वजा करून निघतो. प्रकाशनाचा क्रमांक इथे उचलून घालणे ही ठरलेली चूक. फंक्शन काढून टाकले किंवा त्याची घडण बदलली, तर चालू एकाने वाढवून वय शून्यावर आणावे. नुसते नवे फंक्शन वाढवले, तर चालू आणि वय दोन्ही एकेकाने वाढवावेत. हे पाळले नाही, तर जुने प्रोग्राम नव्या लायब्ररीसोबत सुरू होतात आणि मध्येच कोसळतात.

मुंबईतील संदर्भ : पवई येथील आयआयटी मुंबईत (स्थापना १९५८) प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरने जीसीसी कंपाइलरच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या. जीसीसीची स्वतःची बांधणी हा या विषयातला सर्वांत मोठा धडा म्हणता येईल. तीही ऑटोकॉन्फवर उभी आहे, आणि सोर्सच्या बाहेर वेगळ्या डिरेक्टरीत बिल्ड करावा, असा जीसीसीचा स्वतःचाच आग्रह असतो. याच संस्थेच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातून आलेल्या ई-सिम या सर्किट-आरेखनाच्या साधनाला एनजीस्पाइस या सीमध्ये लिहिलेल्या सिम्युलेटरचा आधार आहे. एनजीस्पाइसचा सोर्स एकच. कॉन्फिगरला ‘एनजीशेअर्ड’चा पर्याय दिला की त्यातून प्रोग्रामऐवजी दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडता येणारी शेअर्ड लायब्ररी निघते. अभ्यासासाठी याहून सोयीचे उदाहरण नाही.

माटुंग्यापासून पवईपर्यंतच्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्याला संगणकाचे रूट (पूर्ण प्रशासकीय) अधिकार सहसा नसतात, आणि मेक इन्स्टॉल ‘परवानगी नाही’ म्हणून थांबते. उपाय कॉन्फिगरच्या वेळीच करायचा असतो : प्रीफिक्स या पर्यायात आपल्या होम डिरेक्टरीतली जागा द्यावी. काही दिले नाही, तर ऑटोकॉन्फ ‘/यूएसआर/लोकल’ धरते. मात्र एवढ्याने भागत नाही. नवी लायब्ररी कुठे आहे हे पीकेजी-कॉन्फिगला आणि चालवताना लोडरलाही (लायब्ररी स्मृतीत आणणाऱ्या प्रोग्रामलाही) कळवावे लागते, नाहीतर बिल्ड सुरळीत होतो आणि प्रोग्राम सुरूच होत नाही.

लॅमिंग्टन रोडवरून (डॉ. भडकमकर मार्ग) रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणणाऱ्याची गाठ क्रॉस-कंपाइलिंगशी पडते : बिल्ड आपल्या लॅपटॉपवर, चालणार आर्म प्रोसेसरवर. इथे ‘होस्ट’ या पर्यायात ज्यावर लायब्ररी चालणार आहे तो संगणक द्यायचा असतो, आपण बसलो आहोत तो नव्हे. हा घोळ भल्याभल्यांचा होतो. अडचण अशी की चाचणीचा प्रोग्राम कंपाइल झाला तरी लॅपटॉपवर चालवता येत नाही. म्हणून लेखकाने चालवून पाहायचे प्रश्न शक्य तितके टाळावेत, आणि टाळता आले नाहीत तर उत्तर बाहेरून कॅशे-चलातून (उत्तर साठवणाऱ्या चलातून) देण्याची सोय ठेवावी. बाइटक्रम ओळखण्याची ऑटोकॉन्फची युक्ती या बाबतीत दाद देण्याजोगी आहे : बिग (मोठ्या मूल्याचा बाइट आधी) किंवा लिटल (लहान मूल्याचा बाइट आधी) एंडियन मांडणीत अर्थपूर्ण अक्षरे उमटतील अशा संख्या ती प्रोग्रामात पेरते, फक्त कंपाइल करते आणि ऑब्जेक्ट फाइलीत (कंपाइलरने काढलेल्या फाइलीत) कोणती अक्षरे सापडतात ते शोधते. काहीही चालवावे लागत नाही.

खोटे ‘नाही’ : या पद्धतीची कच्ची बाजू म्हणजे प्रश्नच चुकला तरी उत्तर ‘नाही’ असेच येते. मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ ने घोषणा नसलेले फंक्शन वापरणे हा इशाऱ्याऐवजी थेट दोष ठरवला. जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टींतल्या अनेक चाचण्या आवश्यक हेडर न घेताच ‘एक्झिट’ बोलवत होत्या. त्या आता कंपाइल होईनात, आणि संगणकावर असलेली सुविधा ‘नाही’ म्हणून नोंदली जाऊ लागली. बिल्ड अडत नाही. लायब्ररी मुकाट्याने कमी क्षमतेची बनते.

हेच अंधारे दार मुद्दाम वापरले गेले ते एक्सझेड या संपीडन लायब्ररीत. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये (प्रकाशित केलेल्या फाइलींच्या गठ्ठ्यात) एक एम४ फाइल बदललेली होती. गिटमधल्या सोर्समध्ये तो बदल नव्हता. कॉन्फिगर चालवताना ती फाइल चाचणीच्या नमुन्यांत दडवलेला कोड बाहेर काढून लायब्ररीत मिसळत असे, आणि तेही ६४ बिटांच्या इंटेल घराण्याच्या लिनक्सवर पॅकेज बांधले जात असेल तरच. एसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षित) जोडणीला अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतो, याचा पाठपुरावा करताना अँड्रेस फ्रॉइंड यांच्या हे लक्षात आले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जाहीर केले. त्याच प्रकरणातली लहानशी कारागिरी अधिक बोलकी आहे : सीमेक या दुसऱ्या बिल्ड साधनाच्या फाइलीत लँडलॉक या सुरक्षा-कुंपणाची चाचणी करणाऱ्या सी तुकड्यात एक सुटा पूर्णविराम टाकलेला होता. त्यामुळे तो तुकडा कुठेच कंपाइल होत नसे आणि कुंपण नेहमीच ‘उपलब्ध नाही’ ठरत असे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना तो ठिपका दिसणे जवळपास अशक्य होते.

यावरून असा संकेत धरावा, की ज्या सुविधेवर सुरक्षितता अवलंबून आहे तिचे उत्तर लेखकाने आपोआप स्वीकारू नये. वापरणाऱ्याने ती मागितली आणि चाचणी ‘नाही’ म्हणाली, तर बिल्ड थांबलाच पाहिजे.

इतर पर्याय : सीमेक २००० च्या सुमारास किटवेअर या कंपनीत, वैद्यकीय प्रतिमांच्या एका सॉफ्टवेअरच्या गरजेतून जन्मले. ते मेकफाइली काढते तसेच व्हिज्युअल स्टुडिओचे प्रकल्पही काढते, म्हणून विंडोजवर चालायचे असेल तर बहुतेक नवे प्रकल्प तिकडेच वळतात. युसी पाक्कानेन यांचे मेसन निंजा या वेगवान साधनावर चालते. त्याची भाषा मुद्दाम तोकडी ठेवलेली आहे आणि वाचायला सर्वांत सोपी आहे. झेडलिब (संपीडन), एफएफएमपेग (ध्वनी आणि चित्रफिती) यांनी हाताने लिहिलेल्या शेल स्क्रिप्टीवरच भागवले. साधन कोणतेही असो, चाचणीचा छोटा सी प्रोग्राम तोच राहतो, आणि त्याचे दोषही. लहान लायब्ररी आज नव्याने सुरू करणाऱ्याने मेसन घ्यावे. पंचवीस वर्षांचे ऑटोकॉन्फ चालू स्थितीत असेल, तर केवळ फॅशन म्हणून ते उपटू नये.

परस्परावलंबन : हा मजकूर देवनागरीत दाखवणाऱ्या अनेक संगणकांवर फ्रीटाइप आणि हार्फबझ या दोन लायब्ररी काम करत असतात. फ्रीटाइप अक्षरांचे आकार रंगवते. हार्फबझ ‘क्ष’, ‘त्र’, ‘र्‍य’ यांसारखी जोडाक्षरे जुळवते. हार्फबझला फॉन्ट वाचायला फ्रीटाइप जोडता येते आणि फ्रीटाइपला आकार नेटके करायला हार्फबझ. मग आधी कोणती बांधायची? रूढ रीत अशी : फ्रीटाइप हार्फबझचा पर्याय बंद ठेवून कॉन्फिगर करायची, तिच्यावर हार्फबझ बांधायची, आणि मग फ्रीटाइप पुन्हा एकदा, या वेळी पर्याय चालू ठेवून. दुसऱ्या फेरीआधी पहिल्या कॉन्फिगरची कॅशे पुसावी. ती राहिली तर हार्फबझ शेजारी तयार असूनही उत्तर पुन्हा ‘नाही’ येते.