फलंदाजाची नजर विजेसारखी नसते
‘मोठा फलंदाज टप्पा पडल्यावर चेंडू बघून बॅट वळवतो, त्याची नजरच तशी!’ समालोचनात हे इतक्यांदा ऐकलंय की खरंच वाटतं. मानसशास्त्रज्ञ पीटर मॅक्लाउड यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मॅटखाली लाकडी पट्ट्या दडवल्या होत्या; चेंडू कुठे वळेल याचा नेम नाही. समोर आंतरराष्ट्रीय फलंदाज. तरी वळलेला चेंडू पाहून बॅटची दिशा बदलायला त्यांना सुमारे २०० मिलिसेकंद लागलेच, म्हणजे तुमच्याआमच्याइतकेच! डोळ्यांनी टिपलेलं मेंदूतून हातापर्यंत पोचायला वेळ हा लागतोच. तोवर हात चालतो तो आधीच बांधलेल्या अंदाजावर. गोलंदाजाचं मनगट, चेंडूची सुरुवातीची वाट यांवरून तो बांधला जातो, आणि दिग्गज सरस ठरतो तो इथे. बॅटच्या अगदी पुढ्यात वळलेला चेंडू त्यालाही चकवतो.