आधी लपाछपी, मग मराठी

दत्तक मूल परराज्यातून आलं की शेजारपाजारी एक प्रश्न हमखास निघतो. "त्याला मराठी कळत नाही, मग घरातल्या पोरीशी त्याचं जमायचं कसं?" दत्तक प्रक्रिया आता 'कारा'च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या, देशभराच्या यादीतून चालते. त्यामुळे ओडिया बोलणारं चार-पाच वर्षांचं पोर कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी येऊ शकतं. अशा वेळी सल्ला मिळतो, "आधी भाषा शिकू दे, मग खेळेल." मेंदूचा अभ्यास याच्या बरोबर उलटं सांगतो.

भाषेसाठी मेंदूचं बाहेरचं, सुरकुत्यांचं आवरण लागतं. खेळासाठी ते फारसं लागत नाही. मेंदूशास्त्रज्ञ याक पँकसेप आणि सहकाऱ्यांनी नवजात उंदरांचं हे आवरण काढून टाकलं, तरी पुढे ती पिल्लं एकमेकांशी दंगामस्ती करतच राहिली. हे संशोधन 1994 मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे खेळाची ऊर्मी मेंदूत बरीच खोलवर असली पाहिजे. पण नेमकी कुठे?

याचा मला सर्वांत आवडलेला शोध बर्लिनमध्ये लागला. मेंदूशास्त्रज्ञ मिखाएल ब्रेख्त यांच्या गटाने 2019 मध्ये दाखवलं की उंदीर माणसासोबत लपाछपी शिकतात. बक्षीस म्हणून खाऊ नव्हता, सापडल्यावर फक्त गुदगुल्या आणि मस्ती. लपायची पाळी आली की उंदीर पारदर्शक खोक्याऐवजी अपारदर्शक खोकं निवडत आणि आत गप्प बसत. मग 2023 मध्ये याच गटाने खेळताना आणि गुदगुल्यांच्या वेळी कोणत्या पेशी जाग्या होतात ते शोधलं. मध्यमेंदूत मेंदूद्रव वाहणारी एक बारीक नळी असते. तिच्याभोवती करड्या पेशींचा थर आहे, त्याला पेरिॲक्विडक्टल ग्रे म्हणतात. त्या थराच्या बाजूच्या स्तंभांतल्या पेशी खेळताना पेटत होत्या. औषधाने त्या तात्पुरत्या बंद केल्यावर उंदरांचं खेळणं घटलं. गुदगुल्या केल्यावर ते सुमारे 50 किलोहर्ट्झचा आवाज काढतात (आपल्या कानाची मर्यादा 20 किलोहर्ट्झ), तोही कमी झाला.

पळून जाणं, भीतीने थिजणं, हेही याच करड्या थरातून चालतं. उंदराला उंच, उघड्या फळीवर ठेवून गुदगुल्या केल्या तर तो 'हसत' नाही. भीती आणि खेळ एका वेळी नांदत नाहीत. उंदरावरून थेट पोरांवर उडी मारू नये, हे खरं. पण हा थर सगळ्याच सस्तन प्राण्यांत आहे, आणि बिथरलेलं मूल खेळत नाही, हे कोणत्याही बालवाडीच्या बाईंना माहीत असतं.

खेळाच्या खुणाही शब्दांआधीच्या आहेत. चिंपांझी मस्ती करताना तोंड सैल उघडं ठेवतात, तसाच आपल्या पोरांचा चेहराही होतो. थोरली बहीण धाकट्याला मुद्दाम पकडत नाही, डाव सोडते, तेव्हा "मी तुला इजा करणार नाही" हे त्याला ओडियात सांगावं लागत नाही. एका ठेक्यात हालचाल केली की जवळीक वाढते, असंही दिसलं आहे. ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांची वेदना सोसण्याची क्षमता एकट्याने वल्हवल्यानंतरपेक्षा सगळ्यांनी मिळून वल्हवल्यावर जास्त वाढली. मेंदूतली वेदनाशामक रसायनं वाढल्याचं हे लक्षण, असं संशोधक मानतात. आपल्याकडचं लेझीम आठवा.

एवढं ठाऊक असताना दत्तक मुलाची पत्रिका घरातल्या लेकीशी जुळते का, हे विचारायला ज्योतिषाकडे जाणारे भेटतात, तेव्हा राग येतो. 'रक्ताचं नातं'वाल्यांना तर कोल्हापुरात बोलायला जागाच नाही. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 1884 मध्ये दत्तक आले आणि आपले शाहू महाराज झाले.

म्हणून आईवडिलांना सांगणं एवढंच, की पहिल्या दिवसांत रंकाळ्यावरची संध्याकाळची गर्दी नको, पाहुण्यांची रांगही नको. अंगण किंवा गच्ची, एक चेंडू, दोन पोरं आणि नजरेच्या टप्प्यात बसलेली आई पुरे. तो कोपऱ्यात बसून नुसतं बघत असेल तर बघू द्या, ओढून आणू नका. बहिणीला मात्र खेळू द्या, त्याच्यासमोर. 'राज्य', 'धप्पा', 'टाइमप्लीज' हे शब्द तो डावात शिकेल, कारण प्रत्येक शब्दाला लगेच एक धाव जोडलेली असते. 'आई' आणि 'ताई' मागून येतील.